घुम्याचा खुराक

४ मार्च, सोमवार. सकाळ, चहा होईपर्यंत.

आजपासून रोजनिशी. रोज एक पान, खाडा नाही. ही वही कुणीही वाचायची नाही. मीसुद्धा नाही. नुसती लिहायची. शिस्त लागते म्हणतात.

संकल्प: पहाटे फिरायला जाणे. स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेणे (गेल्या जूनपासून गळतोय). बाहेरचं खाणं बंद. आणि हिला आजच्या आज उत्तर देणे.

चहा उतू गेला. बाकीचं संध्याकाळी.

संध्याकाळ.

उत्तराचं असं आहे. ही पाणीपुरवठा खात्यात इंजिनिअर. जूनमध्ये बढती मिळाली आणि बदली झाली, दुसऱ्या शहरात. आमची चिमणी, वय अकरा, तिच्याबरोबर गेली. सहा महिन्यांचा प्रश्न आहे असं ठरलं होतं. आता खात्याने तिला तिथे कायमची करून टाकली आहे. तिने घरं बघितली आहेत. एकाच इमारतीत दोन घरं रिकामी आहेत, एक दोन खोल्यांचं, एक तीन. तिसरी खोली लहान आहे, पण खिडकी मोठी आहे. तुझी पुस्तकं आणि तू मावाल, असं म्हणाली. तिकडच्या कॉलेजात शिकवायला माणूस हवा आहे, तेही विचारून आली. वीस तारखेला तिला एका घराच्या कागदावर सही करायची आहे. तोपर्यंत मी एवढंच सांगायचं, येतोस की नाही.

आता यात सांगण्यासारखं काय आहे? जाणार हे उघड आहे. माझ्या मनात कधीचंच पक्कं आहे. पण बारा वर्षं लॅबमध्ये घालवून हात हलवत जायचं म्हणजे बरं दिसत नाही. मोठा शोध अगदी उंबरठ्यावर आहे. दोन आठवडे, फार तर. शोध घेऊन एकदम दारात उभा राहीन. सरप्राइज.

सरप्राइज द्यायचं तर आज उत्तर देऊन चालणार नाही. शेवटचा संकल्प रद्द. बाकीचे कायम.

५ मार्च, मंगळवार.

फिरायला गेलो नाही. बूट सापडले, मोजे सापडले नाहीत. मोजे कुठे असतात ते हिला माहीत.

६ मार्च, बुधवार. लॅब, दुपार.

पुढेमागे माझं मलाच आठवावं म्हणून शोधाविषयी लिहून ठेवतो.

यीस्टची पेशी म्हणजे एक घर. पावात घालतात तेच यीस्ट. या घराला खाण्याची साखर जशीच्या तशी आत घेता येत नाही, तुकडे करून घ्यावे लागतात. त्यासाठी ते एक प्रथिन बनवतं. त्याला मी कात्री म्हणतो. कात्री बनते आत, पण तिचं काम बाहेर. म्हणून आतल्या स्वयंपाकघरात ती तयार होते, मधल्या खोलीत तिची बांधाबांध होते, मग बारीक पिशव्यांत भरून तिला भिंतीपर्यंत नेतात. पिशवी भिंतीला चिकटते, फुटते, कात्री बाहेर. आपल्याकडच्या कुठल्याही कुरिअरपेक्षा चोख काम आहे. चुकीच्या पत्त्यावर पार्सल नाही.

क्वचित एखाद्या पेशीत बिघाड असतो. पिशव्या भरतात पण दरवाजा उघडत नाही. माल आत साचत जातो. अशी बिघडलेली पेशी सापडणं म्हणजे घबाड, कारण बिघाड कुठे आहे ते कळलं की वाट कशी चालते ते कळतं. असे बिघाड इतरांनी पूर्वी शोधले, मोठे झाले. मला सापडलेला नवा आहे. माझी खात्री आहे.

महिन्यापूर्वी यीस्ट वाढवतात त्या एका प्लेटच्या कडेला होता, लाखो पेशींचा एक ठिपका. बाकीचे ठिपके गुबगुबीत, हा एकटा बाजूला, टाचणीच्या डोक्याएवढा. मी उचलून वेगळा वाढवला. नाव ठेवलं घुम्या. कुठून सुचलं कुणास ठाऊक.

७ मार्च, गुरुवार.

आज टेस्ट, तिसऱ्यांदा. साध्या यीस्टची ट्यूब: लाल. म्हणजे कात्री बाहेर आली, साखर कापली, रंग आला. घुम्याची ट्यूब: पाणी. स्वच्छ, निर्मळ पाणी!!

सगळा माल आत अडकला आहे. बिचारा.

संध्याकाळी दोन उकडलेली अंडी. एकट्याने खाताना बरं असतं, दोन्ही आपलीच. बाकी शांतता उत्तम आहे. नळ तेवढा टिपटिपतो. खाली बादली ठेवली आहे.

९ मार्च, शनिवार.

लॅबमध्ये माझ्या टेबलाला लागून जिचं टेबल आहे ती शेजारीण. बाई हुशार आहे, पण नाक खुपसायची सवय. आज ट्यूब बघून म्हणाली, छान, फोडून बघितलंस का?

म्हणजे पेशी फोडायच्या, आतला रस काढायचा, आणि आत खरंच कात्री साचली आहे का ते बघायचं. बारीक काचेच्या मण्यांबरोबर घुसळलं की फुटतात. अर्ध्या दिवसाचं काम. मी म्हणालो, करायचं आहेच. पण खरं सांगायचं तर हातच्या काकणाला आरसा कशाला? बाहेर नाही म्हणजे आत आहे. आणखी कुठे जाईल?

शिवाय घुम्याला फोडायला माझा जीव होत नाही. हे तिला सांगितलं नाही.

त्याची तब्येत मुळात तोळामासा. टेस्टच्या आधी सगळ्यांना दोन-तीन तास पातळ पाण्यात ठेवतात, त्यात ग्लुकोज अगदी नावाला. पद्धतच तशी आहे. पण घुम्याला तेवढ्यावर ठेवायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. मी त्याच्या फ्लास्कमध्ये वरून ग्लुकोजचा एक चमचा टाकतो. बोभाटा करत नाही. लगेच आपल्या-परक्याची चर्चा होते.

१० मार्च, रविवार.

सुट्टी. मोजे सापडले (वॉशिंग मशिनमध्ये, जानेवारीपासून). घर आवरलं. कपाटात तीन मग आहेत, एक रोज खराब होतो, दोन स्वच्छच राहतात. चिमणीच्या मगला कान नाही.

दुपारी लॅबमध्ये गेलो. काम काही नव्हतं. फ्लास्क हलवणारा शेकर चालू असतो, त्याचा घुर्र घुर्र आवाज बरा वाटतो. घुम्याला एक चमचा वाढवला. रविवार आहे म्हणून.

१२ मार्च, मंगळवार.

मॅडमना सांगून टाकलं. मॅडम म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुख, कमी बोलतात, चष्म्यावरून बघतात. म्हणाल्या, एकवीसच्या मीटिंगमध्ये सर्वांसमोर मांड. आतला रिझल्ट असेलच.

असेलच, असं मीही म्हणालो.

शेजारीण म्हणाली, बाजारात तुरी. पुढचं बोलली नाही. सभ्य आहे.

१३ मार्च, बुधवार.

काचेचे मणी संपले आहेत. मागवले. शोध थांबला तो माझ्यामुळे नाही, याची इथे नोंद असावी.

१५ मार्च, शुक्रवार. संध्याकाळ.

हिला मेसेज करायला बसलो. सरप्राइज फुटणार नाही पण अंदाज यावा, अशा बेताने. एक तास लिहीत होतो. त्यात बारा वर्षं आली, घुम्या आला, तिसऱ्या खोलीची खिडकी आली, जूनमध्ये सामानाचा ट्रक गेल्यावर मी जिन्यात बसून राहिलो होतो ते आलं. चांगलं झालं होतं. पण मेसेजमध्ये एवढं लांबण कोण लावतं? एकेक वाक्य कमी करत गेलो. शेवटी जे पाठवलं ते: हवा कशी आहे तिकडे?

दोन मिनिटांत उत्तर: बरी आहे.

बोलणं झालं. बरं वाटलं.

१७ मार्च, रविवार.

चिमणीचा फोन. शाळेत प्रयोग मांडायचा आहे. बाटलीत कोमट पाणी आणि यीस्ट घालायचं, तोंडाला फुगा लावायचा, फुगा आपोआप फुगतो. तिचा फुगत नाही. बाबा, तू यीस्टचा डॉक्टर ना, सांग.

सांगितलं. म्हटलं पाया पक्का हवा, म्हणून पेशीच्या घरापासून सुरुवात केली. स्वयंपाकघर, मधली खोली, पिशव्या, भिंत. मग घुम्याची सगळी हकिगत. नमनाला घडाभर तेल जातं हे कबूल, पण मुलं अशीच घडतात. ती मध्ये एकदा म्हणाली, घुम्या? आई तुलाच म्हणते ना तसं? योगायोग आहे, असं सांगितलं.

बराच वेळ झाल्यावर तिने विचारलं, बाबा, साखर घालायची असते का?

साखर घातली नव्हती! मी म्हणालो, मी त्याच मुद्द्यावर येत होतो.

मग म्हणाली, आईने विचारलंय, तू येणार का. मी हळूच सांगितलं की सरप्राइज आहे, बोलायचं नाही. मग मी आईला काय सांगू? सांग, बाबा विचार करतोय. ते तर तू जूनपासून करतोयस, म्हणाली. वय अकरा!

संध्याकाळी फोटो आला. बाटलीवर टम्म फुगलेला फुगा. त्यावर स्केचपेनने डोळे, चष्मा आणि मिशी. तोंड काढायला विसरली आहे.

फोटो बराच वेळ बघत बसलो. आज जरा एकटं वाटलं. ॲसिडिटी असावी.

१८ मार्च, सोमवार.

मणी आले. आता घुसळायचं यंत्र बंद. काय करणार, घोडं तिथेच पेंड खातं. शेजारणीने कुठेतरी गाठ मारली, ठोकलं, यंत्र चालू झालं. तिला कुणी सांगितलं होतं?

१९ मार्च, मंगळवार.

उद्या फोडणार. वेळेचं गणित मोठं सुरेख जुळलं आहे. उद्या दुपारी रिझल्ट, लगेच हिला फोन, तिची सही संध्याकाळी. परवा मीटिंग. पुढच्या सोमवारी राजीनामा, त्याच्या पुढच्या आठवड्यात खिडकीपाशी. झाकली मूठ नेमक्या वेळी उघडायची असते. लोकांना घाई असते, तिथेच फसतात.

आज घुम्याला शेवटचा खुराक. दोन चमचे. सकाळी फुटायचं आहे त्याला.

२० मार्च, बुधवार. लॅब. दुपार.

फोडला.

चार ट्यूब. साधं यीस्ट बाहेर: लाल. साधं यीस्ट आत: फिकट लाल, थोडा माल वाटेवर असतोच. घुम्या बाहेर: पाणी. घुम्या आत:

रंग येतोय. वेळ लागतो.

अर्ध्या तासाने.

रसायन जुनं असणार.

नंतर.

रसायन नवं घेतलं. साध्या यीस्टला लाल येतो, घुम्याला येत नाही. मला किंचित गुलाबी दिसला. चष्मा पुसला, तरी दिसला. शेजारणीला दाखवला. तिला नाही दिसला. तिने ट्यूब पांढऱ्या कागदावर धरली, मग मला पण नाही दिसला.

तिने विचारलं, याला खायला काय देतोस? मी जरा अभिमानानेच सांगितलं. पद्धतीप्रमाणे पातळ पाणी, वरून ग्लुकोजचा चमचा, रविवारी दोन. ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, अरे, ग्लुकोज म्हणजे आयती कापलेली साखर. आयतं ताटात पडतंय तोपर्यंत तो कात्री कशाला बनवेल? भूक लागल्यावर बनवतात ते. म्हणून तर पातळ पाण्यात ठेवायचं असतं. याच्या आत काही अडकलेलं नाहीये. यानं केलंच नाहीये काही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवतो. फक्त घुम्याच्या बाबतीत डोक्यात आलं नाही. अति तेथे माती म्हणतात, ती ही.

संध्याकाळ.

हिला फोन करायचा होता. पण रिझल्टच आला नाही तर फोन कशाच्या जोरावर करणार? साडेपाचला तिचाच मेसेज: सही करायला बसले आहे. कुठल्या कागदावर करू?

असं अडवून विचारलं की माझं डोकं चालत नाही. उत्तर पाठवलं: तुला योग्य वाटेल ते कर.

आता पुन्हा वाचलं. मोठ्या मनाचं वाक्य आहे. किती नवरे बायकोला एवढी मोकळीक देतात? मला तीन खोल्यांचंच हवं आहे, हे ती ओळखून असणार. पंधरा वर्षांचा संसार आहे, शहाण्याला शब्दांचा मार.

तिचं उत्तर आलं नाही. म्हणजे समाधान झालेलं दिसतं.

२१ मार्च, गुरुवार.

मीटिंग. विषयाचं नाव बदलायला वेळ मिळाला नव्हता, त्यामुळे भिंतीवर मोठ्या अक्षरांत: स्रावाच्या मार्गातला एक नवा बिघाड. मी म्हणालो की बिघाड प्रत्यक्षात नाही, पण हा नकारात्मक निष्कर्ष फार बोलका आहे. मॅडमनी विचारलं, काय बोलतो? मी खुराकाचं सांगितलं. मागे कुणीतरी खोकलं, म्हणजे हसलं.

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चष्मा काढून म्हणाल्या, एवढा जीव लावलास, तर एकदा नीट बघायचं होतंस त्याच्याकडे. पुढचा कोण?

घरी आलो. मेसेज नाही.

२२ मार्च, शुक्रवार.

आज घुम्याला पद्धतशीर उपाशी ठेवला. चमचा कपाटात बंद. शेजारीण म्हणाली, मी लक्ष ठेवते, तू बाहेर जा. जिन्यात जाऊन बसलो.

अडीच तासांनी टेस्ट. घुम्या बाहेर: लाल. भडक. साध्या यीस्टपेक्षा तसूभर कमी नाही.

म्हणजे त्याच्यात काहीच बिघाड नव्हता. ना पिशव्यांत, ना दरवाज्यात. अंगाने बारीक होता, एवढंच. चारचौघांसारखा होता. घबाड गेलं, बारा वर्षांचं काय ते गेलं, आणि मी ट्यूब हातात धरून उभा होतो. मॅडम म्हणाल्या, स्टॉक फ्रीझरमध्ये टाक आणि विषय बंद कर. टाकला. एक फ्लास्क शेकरवर राहू दिला. कुणाच्या अध्यात ना मध्यात.

घरी आलो. दोन अंडी. एक खाल्लं. बादली भरली होती, ओतून आलो. कपाट उघडलं, ते दोन मग.

मला करमत नाही. त्या दोघींशिवाय मला करमत नाही. जूनपासून करमत नाही.

इथपर्यंत लिहून थांबलो होतो. वाक्य वाचून बघितलं. चांगलं आहे. लहान आहे. शोधबिध काही लागत नाही त्याला. हिला हेच सांगायचं. उद्या.

२३ मार्च, शनिवार.

शनिवारी तिला धरणावर जावं लागतं. तिथे रेंज नसते. असावी बहुतेक, पण कामात असते.

२४ मार्च, रविवार.

फोन चिमणीने घेतला. आई दुकानात गेली आहे. बाबा, आपण दोन खोल्यांचं घर घेतलं! माझी भिंत पिवळी आहे! मी म्हणालो, अरे वा. तिसरी खोली? ती नाहीये ना या घरात, म्हणाली. पण तू काळजी करू नको, सोफा उघडतो, त्याचा पलंग होतो, तू आलास की त्यावर. आईनेच तसला बघून घेतला.

अरे वा, असं मी आणखी दोनदा म्हणालो.

प्रयोगाला दुसरं बक्षीस. फुगा आता बसला आहे, सगळ्या अंगाला सुरकुत्या पडल्यात, चष्मा छोटा छोटा झालाय. टाकून द्यायचा नाही असं तिने ठरवलं आहे.

तिच्याजवळ ते वाक्य कसं सांगणार? मुलांसमोर अशी वाक्यं बोलू नयेत. पुढच्या रविवारी, ही घरी असताना. घर लहान घेतलं ते ठीकच आहे. पुस्तकं इथे राहू शकतात.

२७ मार्च, बुधवार.

वाक्याची तालीम. घरी बोलून बघितलं तर आवाज विचित्र येतो, भिंती रिकाम्या आहेत. म्हणून लॅबमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, शेकरसमोर उभा राहून. मला तुझ्याशिवाय करमत नाही. पहिल्यांदा बारीक निघालं. दुसऱ्यांदा बरं. तिसऱ्यांदा अगदी खणखणीत, आणि मागून शेजारीण म्हणाली, मला म्हणालास का?

मी म्हणालो, छे, यीस्टला. तिने मान डोलावली. मग डबा उघडता उघडता म्हणाली, त्याला पोचलंय, आता जिला सांगायचं तिला सांग.

बाईला नाक खुपसायची सवय आहे, हे मी आधी लिहिलेलं आहेच.

२९ मार्च, शुक्रवार.

प्लंबर येऊन गेला! मीच बोलावला. एक संकल्प पूर्ण. त्याने वॉशर बदललं, पाच मिनिटांचं काम होतं. म्हणाला, एवढे दिवस कसं काढलंत? हिला सांगायला हवं, तिच्या खात्यातला विषय आहे.

संध्याकाळी नळाखालची बादली उचलली. आता घरात कसलाच आवाज नाही. पुन्हा जाऊन नळ थोडा सैल करून बघितला. चांगला दुरुस्त केलाय, टिपतच नाही.

३१ मार्च, रविवार. दुपार.

सकाळी फिरून आलो. खरंच. मोजे घालून. वाक्य कागदावर लिहून टेबलावर ठेवलं, कागदावर मग ठेवला, उडू नये म्हणून. कान नसलेला. फोन मी करणार होतो. त्याआधीच हिचा आला.

आवाज नेहमीचा. म्हणाली, ऐक, ते मोठं घर अजून गेलेलं नाही. मालक आज भेटला. म्हणतो, आज संध्याकाळपर्यंत सांगितलंत तर कागद बदलून देतो, पुढे नाही. मी त्याला काही बोलले नाही अजून. मग म्हणाली, वीस तारखेला तू म्हणालास, तुला योग्य वाटेल ते कर. मला काय योग्य वाटतं ते मला माहीत आहे रे. तुझं काय आहे ते मला कधी कळतच नाही. तुला काही म्हणायचं आहे का?

कागद समोर होता. अक्षर माझंच. तोंड उघडलं. वाक्य घशापर्यंत आलेलं मला स्पष्ट कळत होतं, अगदी खणखणीत.

मी विचारलं, हवा कशी आहे तिकडे?

मागे चिमणीचा आवाज येत होता, काय म्हणाला बाबा? आई, काय म्हणाला? मी वाट बघितली. मला वाटतं तीही बघत होती.

बरी आहे, म्हणाली.

बोलणं झालं.

संध्याकाळ व्हायला अजून वेळ आहे. तोवर लॅबमध्ये जाऊन येतो. शुक्रवारपासून घुम्याला कुणी काही खायला घातलेलं नाही.